पुठ्ठ्यावर लिहिलेली चादर

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना शोधायला पाटी लागत नाही. खटखट गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येते. आत शिरलेल्या नवख्याचं लक्ष आधी धोट्याकडे जातं, मग हळूहळू गुंडाळल्या जाणाऱ्या लाल-हिरव्या कापडाकडे. वर बघायचं मात्र राहून जातं. मागाच्या माथ्यावर लोखंडी चौकटीवर एक यंत्र बसवलेलं असतं आणि त्याच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची लांबलचक माळ एकेक पाऊल पुढे सरकत असते. प्रत्येक पट्टीला भोकं पाडलेली. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे सलग आठ-दहा, कुठे नुसता कोरा पुठ्ठा. हे यंत्र म्हणजे जॅकार्ड. खाली चादरीवर जो मोर उमटतो आहे, तो या माळेत आधीच लिहून ठेवलेला असतो.

संगणकवाल्यांच्या बोलीत ही माळ म्हणजे कॉन्फिगरेशन फाईल. यंत्राने काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, हे यंत्राला कळेल अशा रीतीने मांडून ठेवलेला मजकूर. माणसाला तो वाचता येत नाही असं नाही, पण वाचवत नाही. माणसासाठी वेगळा कागद असतो. चौकटी आखलेला, रंग भरलेला, समासात चार ओळी खरडलेला. एकाच नक्षीची ही दोन रूपं, एक डोळ्यांसाठी आणि एक यंत्रासाठी. एकातून दुसरं घडवणं हा सोलापुरातला एक स्वतंत्र धंदाच होता. कागदावरून पुठ्ठ्यावर जाण्याची वाट रोजची होती. पुठ्ठ्यावरून किंवा कापडावरून परत कागदावर येण्याची वाट बिकट, पण तीही लोक चालत आले आहेत.

सोलापूरला विणकाम चादरीबरोबर आलं नाही. १८८४ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूर जिल्ह्याचा आहे. हातमाग तेव्हाही इथला मोठा उद्योग होता आणि कोष्टी, साळी, पद्मशाली, मोमीन अशा जातीजमाती त्यावर जगत होत्या. माल मुख्यतः लुगड्यांचा. पद्मशाली कुटुंबं तेलंगणातून आलेली. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि दख्खनी, असा चार भाषांचा व्यवहार या शहरात आजही सहज चालतो. १८६० साली रेल्वे आली आणि १८७७ साली मुरारजी गोकुळदासांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. गावाने तिचं नाव ‘जुनी गिरणी’ ठेवलं. पाठोपाठ लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या.

जुनी गिरणी १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. सरकारने आधी वटहुकूम आणि मग १९५० चा खास कायदा करून तिचा कारभार हातात घेतला. चिरंजीतलाल चौधरी नावाच्या भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. नव्या राज्यघटनेतल्या समतेच्या हक्कावरचा हा अगदी सुरुवातीचा खटला, त्यामुळे सोलापूर न पाहिलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्यालाही सोलापूरची गिरणी माहीत असते. गिरण्यांचं भवितव्य असं कोर्टकचेऱ्यांत अडकत असताना शहराच्या पूर्वेला चार माग, आठ माग असलेले कारखानदार वाढत होते. पद्मशाली विणकरांतूनच ते वर आले. आधी हातमाग, मग यंत्रमाग. आणि लुगड्याचं गिऱ्हाईक ओसरू लागलं तसं त्यांच्या हाती एक नवं उत्पादन लागलं. जाड सुताची, ठसठशीत नक्षीची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी चादर.

या चादरीचं सगळं गणित जॅकार्डवर उभं आहे. म्हणून थोडं लांबून यावं लागतं.

विणकामात नक्षी म्हणजे दर आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे वर उचलायचे याचा निर्णय. साध्या कापडात एकाआड एक धागा उचलला की काम भागतं. चौकडा, पट्टा, बारीक ठिपका इथवर डॉबी हे साधं यंत्र पुरतं, कारण धागे गटागटाने उचलले तरी चालतात. मोराच्या पिसाऱ्याला ते चालत नाही. तिथे प्रत्येक धाग्याचा वेगळा विचार करावा लागतो, आणि तो विचार कुठेतरी साठवून ठेवावा लागतो. कुठे साठवायचा, याची उत्तरं वेगवेगळ्या गावांनी वेगवेगळी काढली.

बनारसच्या नक्शाबंदांनी तो विचार धाग्यातच साठवला. कागदावरचं चित्र पाहून ते दोऱ्यांची एक छोटी जाळी बांधत, तिला ‘नक्शा’ म्हणत. ती मागाला जोडली की वर बसलेला मदतनीस एकेक दोरी ओढी आणि खाली कारागीर धोटा टाकी. काश्मीरमध्ये याच्या नेमकं उलट घडलं. तिथे शालींची आणि गालिच्यांची नक्षी कागदावर खुणांच्या लिपीत लिहिली गेली. तिला तालीम म्हणतात. नक्काश चित्र काढतो, तालीम लिहिणारा त्याचं ओळीओळीने टिपण करतो, अमुक रंगाचे इतके धागे, मग तमुक रंगाचे इतके, आणि मागावर कुणीतरी ते मोठ्याने वाचत जातो. काश्मिरी तालीम ही सरळसरळ वाचनाची पोथी आहे. चित्र डोळ्यापुढे न ठेवता, नुसतं ऐकून गालिचा तयार होतो. युरोपात मार्क्स झीग्लर या जर्मन विणकराने १६७७ साली उल्म शहरात विणकामाच्या आराखड्यांचं पुस्तक छापलं. तिथल्या विणकरांचं गुपित त्यामुळे पहिल्यांदा छापील पानावर आलं.

पुठ्ठ्यावर यायला आणखी पन्नास वर्षं गेली. फ्रान्समधल्या लियाँ शहरात बाझील बुशाँने १७२५ साली भोकं पाडलेला कागदाचा गुंडाळा वापरून धागे निवडण्याची युक्ती काढली. तीन वर्षांनी त्याचा सहकारी फाल्काँ याने गुंडाळ्याऐवजी सुट्या पट्ट्या एकमेकींना ओवून लावल्या. कल्पना नामी होती. गुंडाळा एका जागी फाटला की सगळा गेला, माळेतली मात्र एकच पट्टी बदलली की भागतं. पुढे व्होकान्सोंने यंत्राची रचना बदलली आणि १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने या सगळ्या धडपडीतून एकट्या विणकराला चालवता येईल असं यंत्र बसवून दाखवलं. दोऱ्या ओढणाऱ्या पोराची गरज संपली. लियाँचे विणकर खवळले, नेपोलियनच्या सरकारने जॅकार्डला पेन्शन दिलं, आणि यंत्र सार्वजनिक मालकीचं ठरलं.

१८३९ साली लियाँमध्ये जॅकार्डचंच चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला सुमारे चोवीस हजार पट्ट्या लागल्या. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजने लंडनला आपल्या घरी लावली होती, आणि आपल्या गणकयंत्राला पट्ट्यांवरून हुकूम द्यायची कल्पना त्याने याच मागावरून उचलली. एडा लव्हलेसने १८४३ सालच्या आपल्या टिपणांत त्या यंत्राची आणि जॅकार्डच्या मागाची सांगड घातली. पुढे हर्मन हॉलरिथने १८९० ची अमेरिकेची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली. हा वंशवृक्ष संगणकाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. त्यात सोलापूर येत नाही, कारण पाठ्यपुस्तकाला संगणकाकडे जायची घाई असते. जॅकार्डची थोरली पाती मात्र पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं कापडच विणत राहिली.

आता पट्टी जवळून पाहू. चारशे हुकांच्या जॅकार्डचं कार्ड घेतलं तर त्यावर भोकांच्या आठ रांगा असतात आणि प्रत्येक रांगेत एक्कावन्न जागा. गुणाकार चारशे आठ होतो. चारशे जागा नक्षीच्या, उरलेल्या आठ काठासारख्या किरकोळ कामाच्या. यातली प्रत्येक जागा एका हुकाची, आणि प्रत्येक हूक खालच्या उभ्या धाग्यांशी दोरीने जोडलेला. एक आडवा धागा म्हणजे एक कार्ड. कार्ड सुयांच्या रांगेवर दाबलं जातं. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि वर उचलला जातो. पुठ्ठा असेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि हूक सुटतो, धागा खालीच राहतो. मग धोटा जातो, माळ एक पाऊल सरकते, पुढचं कार्ड समोर येतं.

चारशे हुकांत संपूर्ण चादरीची रुंदी मावत नाही, म्हणून एकच हूक रुंदीत अनेक ठिकाणचे धागे उचलतो. आठ ठिकाणचे उचलत असेल तर रुंदीत एकसारखे आठ मोर उभे राहतात. नक्षी वरून खाली सारखीच असेल, म्हणजे अर्धी ही उरलेल्या अर्ध्याचं प्रतिबिंब असेल, तर माळ पुढे चालवून मग तशीच उलटी फिरवता येते. निम्मी कार्डं वाचतात. चादरींवर वर-खाली सारखी फुलं आणि कोयऱ्या इतक्या का दिसतात, याच्या अनेक कारणांत हेही एक आहे.

या कार्डाच्या आधी कागद. डिझाईन करणारा आधी मोकळं चित्र काढतो, मग ते चौकटीच्या कागदावर उतरवतो. उभा स्तंभ हुकाचा, आडवी ओळ आडव्या धाग्याची. साधा ग्राफ पेपर इथे चालत नाही, कारण इंचात उभे धागे जितके, तितकेच आडवे धागे असतील असं नाही. प्रमाण चुकलं तर कागदावरचा गोल चेंडू कापडावर अंड्याच्या आकाराचा होतो. म्हणून चौकटींची उंची-रुंदी कापडाच्या विणीप्रमाणे घ्यावी लागते, आणि दर आठ घरांनंतर जाड रेघ असते, कार्डावरच्या आठ रांगांशी जुळणारी.

कार्ड कापणारा हा कागद समोरच्या फळीवर लावून बसतो. फळीवर एक पट्टी असते, ती वाचायची ओळ तेवढी उघडी ठेवते. त्याच्या यंत्राला पियानो म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. पुढ्यात बोटांसाठी कळांची रांग, खाली पायांसाठी दोन पायट्या. आठ घरं वाचायची, रंगवलेल्या घरांच्या कळा दाबायच्या, पाय मारायचा, खाड्‌ की त्या आठ घरांची भोकं पडली. पुढची आठ घरं. एक्कावन्न वेळा असं केलं की एक कार्ड पुरं. त्यावर क्रमांक लिहायचा आणि पुढचं घ्यायचं. सहाशे कार्डांची नक्षी म्हणजे तीस हजारांवर वेळा पाय मारणं. मग सगळी कार्डं क्रमाने लावून दोरीने ओवायची. क्रम चुकला तर मोराची मान पोटातून उगवते.

एक चुकीचं भोक एकदाच दिसत नाही. रुंदीत आठ आवृत्त्या असतील तर आठही मोरांच्या डोळ्याशेजारी तेवढाच ठिपका येतो, आणि माळ फिरून आली की पुन्हा येतो. त्यामुळे नवी माळ चढवली की पहिलं वीतभर कापड विणून ते कागदाशी ताडून पाहतात. नको असलेलं भोक कागदाचा तुकडा चिकटवून बुजवायचं, राहिलेलं हाताने पाडायचं. वर्षानुवर्षं चाललेल्या माळा पाहिल्या तर अशी ठिगळं जागोजाग सापडतात. प्रोग्रामर ज्याला पॅच म्हणतात तो शब्द भोकांच्या पट्ट्यांवरच्या ठिगळांवरून आला असं सांगितलं जातं. सोलापुरात पॅच मारायला खळ लागे.

पण कार्ड म्हणजे कागदाची हुबेहूब नक्कल आहे असं समजणं चुकीचं. सोलापुरी चादरीची खुबी अशी की सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल फूल येतं. दोन रंगांचे धागे आळीपाळीने वर-खाली जागा बदलतात म्हणून हे साधतं. कागदावर मात्र फक्त फूल असतं. कागदाच्या एका ओळीतून दोन कार्डं कापावी लागतात, एक एका रंगाच्या धाग्यासाठी आणि एक दुसऱ्यासाठी, आणि फुलाच्या आत धागे सैल लोंबू नयेत म्हणून जी बांधणी घालावी लागते ती रंगवलेल्या घरांत नसते. ती समासातल्या सूचनांत असते, आणि पुष्कळदा फक्त कार्ड कापणाऱ्याच्या डोक्यात. म्हणजे कार्डात कागदापेक्षा जास्त काही येतं. आणि कमीही. कार्डाला रंग ठाऊक नसतो. कुठला धागा उचलायचा एवढंच ते सांगतं. तो धागा लाल होता की जांभळा, सूत कुठल्या नंबरचं, इंचात किती धागे, यातलं काहीच पुठ्ठ्यावर नाही. एकाच माळेतून सकाळी लाल-पांढरी आणि संध्याकाळी हिरवी-पिवळी चादर निघते. कागद हरवला आणि माळ उरली, तर मोर परत मिळतो, त्याचे रंग मिळत नाहीत.

चादरींवर कारखान्याचं नाव आणि छाप विणून घालायची रीत याच यंत्रामुळे सोपी झाली. अक्षरंही शेवटी चौकटीतली घरंच. पुलगम, चाटला ही नावं महाराष्ट्रभर घराघरांत पोचली ती अशा चादरींवरून. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरायची चादर उलटी पसरली की मोर मोरच राहतो, नाव मात्र आरशातलं होतं.

चौकटीच्या कागदाशी मराठी चित्रकलेचंही एक नातं आहे. केंद्र सरकारने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रं सुरू केली आणि पुपुल जयकरांच्या आग्रहाने तिथे चित्रकारांना नेमलं. कल्पना अशी की चित्रकाराने नवी नक्षी द्यावी आणि तिथल्याच विणकराने ती मागावर उतरवून बघावी. अकोल्याचे चित्रकार अंबादास या केंद्रांत होते. प्रभाकर बरवे १९६१ मध्ये दाखल झाले, काही वर्षं बनारसला राहिले आणि मग मुंबईच्या केंद्रात आले. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणाऱ्या बरव्यांची मोकळी, हवेशीर चित्रं पाहताना हा माणूस वर्षानुवर्षं कापडाच्या नक्ष्यांत नोकरी करत होता हे लक्षातही येत नाही.

त्याच काळात मुंबईत भोकांची दुसरी कार्डं आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली टिफ्रॅक हा देशी संगणक चालू केला, १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला, आणि कार्डांचे गठ्ठे काखेत मारून रांगेत उभे राहणारे संशोधक दिसू लागले. वीस-पंचवीस वर्षांत ती कार्डं रद्दीत गेली. किराण्याची यादी लिहायला ती फार चांगली, असं त्या पिढीतले लोक सांगतात. सोलापुरातली कार्डं त्यांच्या कितीतरी आधीच्या जातीची, आणि ती मागावर फिरतच राहिली.

ती हलवली इलेक्ट्रॉनिक जॅकार्डने. १९८३ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास या ब्रिटिश कंपनीने पुठ्ठ्याशिवाय चालणारं जॅकार्ड मांडलं. सुयांची जागा विद्युतचुंबकांनी घेतली आणि माळेची जागा फाईलने. स्विस स्टॉब्ली कंपनीही या बाजारात उतरली. आज डिझाईन करणारा पडद्यावर चित्र काढतो. एक ठिपका म्हणजे एक घर, म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. मग सॉफ्टवेअर प्रत्येक रंगाच्या जागी बांधणी भरतं आणि मागाची फाईल काढून देतं. स्टॉब्लीसाठी जेसी५, बोनाससाठी ईपी. टॉवेल आणि निर्यातीचा माल विणणाऱ्या नव्या मागांवर पेन ड्राइव्ह लावला की नक्षी बदलते. पूर्वी माळ उतरवून दुसरी चढवण्यात अर्धा दिवस सहज जाई. जुन्या मागांवर पुठ्ठा टिकून आहे, पण तिथेही कार्डं आता संगणकाच्या हुकमावर छिद्र पाडणाऱ्या यंत्रातून येतात. पियानोवाल्याच्या हातचं काम सरलं.

यातून एक जुनीच अडचण नव्या रूपात आली. जेसी५ फाईल कुणाला वाचून दाखवता येत नाही. ती वर्डमध्ये उघडून बघावी तर पानभर अर्थहीन चिन्हांचा कचरा दिसतो. हातमागवाल्यांच्या जगात याला एक सुरेख अपवाद आहे. १९९६-९७ मध्ये विणकामाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी एकत्र येऊन ‘वीव्हिंग इन्फर्मेशन फाईल’, थोडक्यात विफ, हा सामायिक नमुना ठरवला. कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला आराखडा दुसऱ्यात उघडावा हा हेतू. त्यांनी त्यासाठी विंडोजच्या आयएनआय फाईलची धाटणी उचलली. म्हणजे ती शब्दशः कॉन्फिगरेशन फाईलच आहे. चौकोनी कंसात मथळे, वॉर्प, वेफ्ट, थ्रेडिंग, ट्रेडलिंग, रंगांचा तक्ता, आणि प्रत्येक मथळ्याखाली एक बरोबर अमुक, दोन बरोबर तमुक अशा ओळी. नोटपॅडमध्ये उघडते, वर्डमध्ये चिकटवता येते, शेजारी रंग आणि सुताचा नंबर लिहून छापता येते. काश्मीरच्या तालीम लिहिणाऱ्याला ती दाखवली असती तर त्याला फारसं नवल वाटलं नसतं.

मोराला मात्र ही सोय पुरत नाही. विफ मुळात डॉबीच्या आकाराच्या कामासाठी आहे, जिथे धागे सोळा किंवा चोवीस गटांत बांधलेले असतात. चारशे हूक आणि सहाशे कार्डं म्हणजे दोन लाख चाळीस हजार निर्णय. हो आणि नाहीसाठी एकेक अक्षर लिहून ते वर्डच्या पानांवर ओतले तर पाऊणशेच्या वर पानं होतील, आणि कुणी वाचणार नाही. म्हणून गिऱ्हाइकाकडे जाणारा कागद वेगळाच असतो: वर चादरीचं चित्र, खाली रंग, मापं, वजन आणि सूत. एके काळी जे समासात खरडलं जायचं, तेच टाईप होऊन पीडीएफ बनतं आणि व्हॉट्‌सअ‍ॅपवर मंजुरीला जातं.

उलटा प्रवास लागतो तो दोन प्रसंगी. एक म्हणजे जुन्या नक्षीला पुन्हा मागणी येते आणि हाती फक्त माळ असते, किंवा कुणाच्या ट्रंकेतली चादर. माळ असेल तर काम कंटाळवाणं पण खात्रीचं आहे. कार्डामागून कार्ड, भोकामागून भोक, चौकटीत घर भरत जायचं, किंवा कार्डं स्कॅन करून सॉफ्टवेअरकडून भरून घ्यायची. कापडावरून काढायचं तर भिंग लागतं. एक इंची चौकटीचं घडीचं भिंग कापडावर ठेवायचं, सुईने धागा बाजूला सारत मोजायचं: उभे किती, आडवे किती, हा वर आहे, हा खाली आहे. फूल उकलतं, बांधणी उकलते. कारखान्याने इंचात धरलेले मूळ धागे मात्र नेमके उकलत नाहीत, कारण धुऊन कापड आटलेलं असतं.

दुसरा प्रसंग नकलेचा. सोलापुरी चादर बाजारात चालली तसा बाहेरगावचा माल तिचं नाव लावून येऊ लागला. हरयाणातल्या पानिपतचं नाव या तक्रारीत सोलापूरकरांच्या तोंडी कायम असतं. नक्कल करायला कुणाच्या कारखान्यातून कार्डं पळवावी लागत नाहीत. दुकानातून एक चादर विकत घेतली आणि भिंग हाती घेतलं की काम झालं. प्रत्येक चादर आपली फाईल अंगावर मिरवत असते.

यावर दोन कायदे आहेत आणि दोघांचं म्हणणं वेगळं आहे. भौगोलिक निर्देशनाचा कायदा २००३ मध्ये अमलात आला आणि २००५-०६ या वर्षात सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंचीही नोंदणी झाली. महाराष्ट्रातली ही या प्रकारची पहिली नोंद. ती नावाचं रक्षण करते. पानिपतच्या चादरीला सोलापुरी म्हणता येणार नाही. मोराबद्दल ती काही बोलत नाही. तोच मोर दुसऱ्या नावाने विणला तर भौगोलिक निर्देशन गप्प.

मोरासाठी २००० चा डिझाईन्स कायदा आहे. अर्ज तपासणारं कार्यालय कोलकात्याला. तिथे ना पुठ्ठ्याची माळ चालते, ना जेसी५ फाईल. त्यांना लागतात ए-फोर आकाराच्या पानांवर नक्षीची चित्रं, आणि नक्षी पुन्हा पुन्हा येणारी असेल तर एक पूर्ण आवृत्ती व तिची पुनरावृत्ती लांबी-रुंदीत पुरेशी दिसेल अशी. म्हणजे मागाने वाचायचं जे आहे ते परत माणसाने वाचायच्या पानावर आणल्याशिवाय कायद्याच्या दृष्टीने मोर जन्मालाच येत नाही. नोंदणी झाली की दहा वर्षांचं संरक्षण, अर्ज केला तर आणखी पाच. नक्षी बाजारात यायच्या आधीच नोंदवावी लागते, ही यातली मोठी मेख. छोट्या कारखानदाराची रीत उलटी: आधी विणायची, दिवाळीला खपते का बघायचं, मग पुढचं.

नोंदणी केली नाही तर निदान मूळ चित्रावर कॉपीराइट असेल, असं पुष्कळांना वाटतं. कॉपीराइट कायद्याचं पंधरावं कलम ती आशाही मोजून संपवतं. नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नसेल, तर मालकाने किंवा त्याच्या परवानगीने तिच्या वस्तू यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त वेळा निघाल्या की नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. रुंदीत आठ मोर असलेल्या मागावर एक्कावन्नावी चादर निघायला फारसे दिवस लागत नाहीत.